इंदूरच्या उन्हाळ्यात तग धरणारा गेमिंग संगणक: सुटे भाग कसे निवडावेत

मे महिन्यात परीक्षा आटोपल्या की राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतल्या कितीतरी मराठी घरांत गेमिंग संगणकाचा विषय निघतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत इंदूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढलेला असतो. सुट्या भागांची बहुतेक परीक्षणे मात्र वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचण्यांवर बेतलेली असतात. तिथे उत्तम ठरलेली जोडणी इथल्या गच्चीखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता तशीच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. संगणक कोणत्या मॉनिटरसमोर, कोणत्या विजेवर आणि कोणत्या खोलीत चालणार आहे, याचा विचार आधी करावा आणि मग भागांकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. पुढचा क्रम त्याच मताप्रमाणे लावला आहे.

पहिली पायरी: मॉनिटर आणि खेळ ठरवणे

ओळखीतली मुले सल्ला विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी सारखाच असतो: "काका, प्रोसेसर आय९ घेऊ का? ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू." त्यावर माझा उलट प्रश्न असतो: "अरे, मॉनिटर कोणता घेणार आहेस ते आधी सांग." मॉनिटर ठरल्याशिवाय ग्राफिक्स कार्डावर किती भार पडणार हे कळत नाही, आणि तो भार कळल्याशिवाय बाकी कोणताच आकडा मांडता येत नाही.

१९२० बाय १०८० च्या (१०८०पी) मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख बिंदू, म्हणजे पिक्सेल, असतात, २५६० बाय १४४० च्या (१४४०पी) मॉनिटरवर ३६.९ लाख आणि फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० च्या मॉनिटरवर ८२.९ लाख. म्हणजे फोर-केवर प्रत्येक चित्रासाठी १०८०पीच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात. दुसरी बाजू रिफ्रेश रेटची, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती चित्रे दाखवतो त्या हर्ट्झमधल्या आकड्याची. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील तर जेमतेम ६.९ मिलिसेकंद. बिंदू वाढले की भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो आणि चित्रांचा वेग वाढला की प्रोसेसरवरही पडतो.

म्हणून कोणते खेळ खेळायचे आहेत हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्रे सोपी असतात, पण वेग फार लागतो. तिथे १०८०पी आणि १६५ ते २४० हर्ट्झचा मॉनिटर योग्य ठरतो व प्रोसेसरला महत्त्व येते. सायबरपंक २०७७ सारख्या दृश्यप्रधान खेळात सगळा जोर ग्राफिक्स कार्डावर येतो, आणि तिथे १४४०पीचा २७ इंची आयपीएस मॉनिटर डोळ्यांना खरोखर आनंद देतो. दोन्ही प्रकार खेळणाऱ्यांनी १४४०पी आणि १६५-१८० हर्ट्झ हा मध्यममार्ग धरावा. माझ्या मते बहुतेक घरांसाठी आज हीच सर्वांत समंजस निवड आहे. आयपीएसऐवजी व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे मॉनिटर थोडे स्वस्त पडतात आणि त्यांचा काळा रंग गडद दिसतो, मात्र काही मॉडेलांत अंधाऱ्या दृश्यांत हलणाऱ्या वस्तूंमागे पुसट रेघ राहते. दुकानात एखादे गडद दृश्य चालवून ते पाहून घ्यावे.

दुसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड

एकूण अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा वाटा इथे जातो आणि तो जायलाच हवा. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेच्या साधारण ४० टक्के ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवावेत, असे मी सुचवतो.

कार्ड निवडताना नावाइतकेच त्यावरच्या मेमरीकडे, म्हणजे व्हीरॅमकडे, लक्ष द्यावे. खेळातली टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, त्या मेमरीत मावली नाहीत तर कार्डाला ती पीसीआय एक्स्प्रेस या कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेने मुख्य रॅममधून आणावी लागतात. ती वाट व्हीरॅमच्या तुलनेत फार अरुंद असल्याने सरासरी वेग बरा दिसत असूनही खेळ मधूनमधून अडखळतो. १०८०पीवर मध्यम ते उच्च सेटिंगसाठी ८ जीबी अजून पुरतात. १४४०पीवर नवे खेळ खेळायचे असतील तर १२ किंवा १६ जीबीचे कार्डच घ्यावे. याच कारणाने आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ साली आलेली कार्डे घेताना अधिक सावध राहावे. दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, खोक्यावरचे नाव तेच असते आणि बिलावर मेमरीचा आकडा अनेकदा लिहिलेलाच नसतो. माझी शिफारस नेहमी १६ जीबीची राहील. हात आखडता असेल तर इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० विचारात घेण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय चालू असावी लागते आणि जुन्या, मंद प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी घसरते.

आणखी एक बारकावा जुना मदरबोर्ड ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्यांसाठी आहे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ ऐवजी ८ लेनच (मार्गिका) वापरतात. पीसीआय एक्स्प्रेस ४.० किंवा ५.० च्या बोर्डवर याचा फरक फारसा जाणवत नाही, पण ३.० च्या बोर्डवर वाट निम्मी होते आणि ८ जीबीचे कार्ड भरले की अडखळणे वाढते. अशा बोर्डवर १६ लेनचे आरएक्स ९०६० एक्सटी अधिक योग्य ठरते.

डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांनी खेळ कमी बिंदूंत रंगवून मग मोठा केला जातो. १४४०पीवर क्वालिटी मोडमध्ये मूळ चित्र साधारण ९६० ओळींचे असते. ही सोय उपयुक्त आहे आणि ती जरूर वापरावी. फ्रेम जनरेशनचे आकडे मात्र तुलना करताना बाजूला ठेवावेत. मधली चित्रे तयार करून आकडा वाढतो, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ वेगावरच अवलंबून राहतो.

तिसरी पायरी: प्रोसेसर

गेमिंगसाठी ६ कोअरचा (गणना करणाऱ्या गाभ्यांचा) आधुनिक प्रोसेसर बहुतेकांना पुरतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा माझ्या मते मधल्या अंदाजपत्रकासाठी सरळ आणि सुरक्षित पर्याय आहे: ६५ वॅटचा वर्ग, सोबत मिळणारा कूलर, आणि एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची बैठक. हे सॉकेट २०२२ साली आले आणि २०२७ व त्यानंतरही त्याला साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे काही वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. स्पर्धात्मक खेळ गांभीर्याने खेळणाऱ्यांनी, पैसे असतील तर, रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी पाहावा. त्यांत ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी, असते, आणि खेळांची कामे वारंवार त्याच माहितीकडे वळत असल्याने त्या मोठ्या कॅशेचा थेट लाभ मिळतो.

इंटेलच्या बाजूला आय५-१२४००एफ अजूनही कमी खर्चाच्या जोडणीसाठी चांगला आहे. नावातल्या 'एफ'चा अर्थ एवढाच की त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीत गेले तर तोपर्यंत संगणक पडद्यावर काहीच दाखवणार नाही. इंदूरहून पाठवलेले कार्ड परत यायला कधी कधी आठवडे लागतात, त्यामुळे घरात शिक्षणाचे किंवा कार्यालयाचे कामही त्याच संगणकावर होत असेल तर अंतर्गत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. ही सोय साध्या ७६०० मध्ये आहे.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्त मिळत असतील तर थांबून विचार करावा. त्यांतल्या अनेक चिप जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत गेल्या. इंटेलने २०२४ साली मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली, पण आधीच खराब झालेली चिप त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही.

चौथी पायरी: मदरबोर्ड आणि रॅम

मदरबोर्डवर वाजवीपेक्षा जास्त खर्च करणे ही नवख्यांची सर्वसाधारण सवय आहे. रायझन ५ किंवा ७ साठी बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा मध्यम दर्जाचा बोर्ड पुरेसा होतो. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक आहे का, एसएसडी बसवण्याच्या एम.२ प्रकारच्या किमान दोन जागा आहेत का, आणि प्रोसेसर न लावता बायोस (बोर्डवरचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्याचे फ्लॅशबॅक बटण आहे का. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दुकानात वर्षभर पडून असलेल्या बी६५० बोर्डवर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर लावला तर जुन्या बायोसमुळे तो सुरूच न होण्याची शक्यता असते. इंटेलसाठी बी७६० घ्यावा. एच६१० स्वस्त असला तरी त्यावर रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि रॅमच्या जागाही दोनच असतात.

रॅमबाबत सध्या परिस्थिती अवघड आहे. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि अनेकांची ठरलेली अंदाजपत्रके कोलमडली. गेमिंगसाठी १६ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे एकूण ३२ जीबी, हा चांगला संच आहे. तो परवडत नसेल तर ८ जीबीच्या दोन स्टिकवर सुरुवात करावी, पण एकच स्टिक लावू नये, कारण तसे केल्याने मेमरीची एक पूर्ण वाहिनी रिकामी राहते. एएम५ वर चार स्टिक लावण्याचा बेतही टाळावा. चार स्टिक भरल्या की त्यांचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो.

वेगाच्या बाबतीत डीडीआर५-६००० आणि सीएल३० (माहिती मिळेपर्यंत ३० चक्रे) ही रायझनसाठी मान्य झालेली जोडी आहे. सीएलचा आकडा एकटा वाचू नये. ६००० वेगावर ३० चक्रे म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि डीडीआर४-३२०० वर १६ चक्रे म्हणजेही १० नॅनोसेकंदच; त्यामुळे "३० पेक्षा १६ चांगले" असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. सीएल३६ ची रॅम बरीच स्वस्त मिळत असेल तर तीही निःशंक घ्यावी. घरात जुन्या संगणकातली चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर आजच्या भावांत एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० हा संच पुन्हा आकर्षक ठरतो. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डवर बसत नाही, हे मात्र बोर्ड घेण्याआधी लक्षात असू द्यावे.

पाचवी पायरी: एसएसडी

खेळ साठवायला १ टीबीची एनव्हीएमई (एम.२ जागेत बसणारी वेगवान) एसएसडी घ्यावी. आजचे मोठे खेळ एकेकटेच शंभर जीबीच्या पुढे जातात, आणि १ टीबीची एसएसडी विंडोज ९३१ जीबी म्हणून दाखवते. टीएलसी प्रकारची (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारी) निवडावी. क्यूएलसी प्रकारची (चार बिट साठवणारी) स्वस्त असते, पण मोठी फाइल उतरवताना तिची कॅशे भरली की वेग फार घसरतो. सेकंदाला ७००० एमबी आणि ३५०० एमबी यांतला फरक खेळ उघडताना सहसा जाणवत नाही, म्हणून त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

सहावी पायरी: एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

ज्या भागाची जाहिरात होत नाही त्यावर लोक पैसे वाचवतात, आणि तो भाग म्हणजे एसएमपीएस. बाकीच्या प्रत्येक भागाला वीज त्याच्यातूनच मिळते, त्यामुळे तो बिघडताना एकटा बिघडेल याची खात्री नसते.

आधी हिशेब मांडावा. आरटीएक्स ५०६० टीआयला १८० वॅट, रायझन ५ ७६०० ला पूर्ण भारावर ८८ वॅट, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांना मिळून ५०-६० वॅट धरले तर बेरीज सुमारे ३३० वॅट होते. आता ग्राफिक्स कार्डे काही मिलिसेकंदांपुरती आपल्या नेमलेल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात. हे उसळणे सोसावे आणि पंखाही शांत चालावा म्हणून इथे चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस योग्य होय. २५० वॅटच्या आरटीएक्स ५०७० सोबतही ६५० चालतो, पण ७५० अधिक निर्धास्त. ३०४ वॅटच्या आरएक्स ९०७० एक्सटीसाठी ७५० च घ्यावा. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड ही मोहोर केवळ कार्यक्षमतेबद्दल बोलते. अंतर्गत संरक्षण कसे आहे ते तिच्यावरून कळत नाही, म्हणून निवडलेल्या मॉडेलचे उघडून केलेले परीक्षण वाचावे आणि ५ वर्षे किंवा अधिक वॉरंटी असलेले मॉडेल पसंत करावे. नवे कार्ड असेल तर एटीएक्स ३.१ प्रमाणाचा, कार्डाला वीज देणारी १२व्ही-२एक्स६ जोडणी असलेला एसएमपीएस पाहावा. ती जोडणी शेवटपर्यंत, खटका बसेपर्यंत आत जाणे अत्यावश्यक आहे, कारण अर्धवट बसलेली पिन तापून वितळू शकते.

राजवाड्याच्या आसपासच्या आणि रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या काही घरांत अजून जुने वायरिंग आहे. तीन छिद्रांचा सॉकेट भिंतीवर दिसतो, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा घरात संगणकाच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू टेकवली की बारीक झिणझिण्या येतात. त्याचे कारण एसएमपीएसमध्येच आहे: गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात, आणि अर्थ नसेल तर तो पत्रा मुख्य व्होल्टेजच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहतो. विद्युतप्रवाह अगदी थोडा असतो, तरी त्या अवस्थेत केबल लावणे-काढणे बोर्डाला घातक ठरू शकते, आणि आतला काही दोष उद्भवला तर माणसाला वाचवणारी वाटच उरत नाही. त्यामुळे संगणक घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तो खर्च मी संगणकाच्याच अंदाजपत्रकात धरायला सांगतो.

पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, तेव्हा यूपीएस हवाच. व्हीए आणि वॅट हे दोन आकडे एक नव्हेत. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि वरच्या ३३० वॅटच्या संगणकाला मॉनिटर जोडला की तो तोकडा पडतो. १००० ते ११०० व्हीएचा, किमान ६०० वॅट देणारा घ्यावा. त्याचे काम खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळवून देणे एवढेच आहे. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर त्यावर यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे, कारण एसएमपीएस वीज गेल्यानंतर पूर्ण भारावर साधारण १५-१६ मिलिसेकंद तग धरतो आणि साध्या मोडमधला इन्व्हर्टर तेवढ्यात वीज बदलून देईलच असे नाही.

सातवी पायरी: उष्णता, धूळ आणि कॅबिनेट

संगणक जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. खेळताना ४०० वॅट घेणारा संगणक म्हणजे मे महिन्यात खोलीत ठेवलेला ४०० वॅटचा हीटर. रोज ४ तास खेळले तर महिन्याला ४८ युनिट वीज जाते आणि तेवढीच उष्णता पंख्याला किंवा एसीला बाहेर काढावी लागते.

हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातला फरक मर्यादित ठेवतो. एखाद्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर दिसला असेल, तर आपल्या ४० अंशांच्या खोलीत तोच ८८ च्या आसपास दिसेल. ७८००एक्स३डीची कमाल मर्यादा ८९ अंश आहे आणि ७६०० ची ९५. मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. याचा अर्थ असा की परीक्षणातला आकडा वाचताना त्यात निःसंकोच १५ ते २० अंश मिळवावेत आणि मग कूलर निवडावा. ७६०० सोबतचा मूळ कूलर हिवाळ्यात निभावतो, पण आपल्या उन्हाळ्यासाठी डीपकूल एके४०० सारखा एका मनोऱ्याचा, किंवा एक्स३डीसाठी थर्मलराइट पीरलेस असॅसिन १२० एसईसारखा दुहेरी मनोऱ्याचा कूलर घ्यावा. दोन्हींची उंची १५५ मिमी आहे. कॅबिनेटची मर्यादा त्याहून जास्त असल्याची खात्री करावी. लिक्विड कूलरचा मी आग्रह धरत नाही, कारण तोही शेवटी खोलीचीच हवा वापरतो आणि त्यात पंप हा बिघडू शकणारा एक भाग वाढतो.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. समोर अखंड काच आणि आत रंगीत पंखे असलेली कॅबिनेटे दुकानात सर्वांत आधी दाखवली जातात, आणि इंदूरच्या हवेसाठी तीच सर्वांत गैरसोयीची असतात, कारण पंख्यांना हवा ओढायला जागाच नसते. समोरून आत हवा घेणारे दोन किंवा तीन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, अशी मांडणी ठेवावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असली की कॅबिनेटच्या फटींतून धूळ ओढली जात नाही. ती पुढच्या गाळणीवर अडते आणि गाळणी धुता येते. शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले येत असले तरी उन्हाळ्यातल्या लूसोबत येणारी माळव्याची बारीक माती कोणालाच चुकत नाही. गाळणी महिन्यातून एकदा स्वच्छ करावी, आणि ब्लोअरने आतली धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाजवीपेक्षा वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

जागेबद्दल दोन सूचना आहेत. संगणकाच्या टेबलाला खाली जो बंद कप्पा असतो त्यात कॅबिनेट ठेवू नये. मागे भिंतीपासून किमान १५ सेंमी अंतर असावे आणि पुढे दार नसावे. दुसरी सूचना डेझर्ट कूलरबद्दल. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली छान थंड करतो आणि त्या थंड हवेचा संगणकालाही फायदा होतो, परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येता कामा नये. खसच्या किंवा हनीकोंबच्या पडद्यातून सूक्ष्म थेंब उडतात, आणि बोअरिंगच्या जड पाण्याचे थेंब वाळले की बोर्डवर पांढरा क्षार मागे राहतो. संगणक कूलरच्या बाजूला, झोताच्या रेषेबाहेर ठेवावा.

खोली ४० अंशांच्या वर जाते अशा महिन्यांत ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ८० ते ८५ टक्क्यांवर आणावी. वेग काही टक्केच घटतो, पण उष्णता आणि पंख्यांचा आवाज स्पष्टपणे कमी होतो. हा उपाय फुकट आहे, आणि एप्रिल ते जून मी तो प्रत्येकाला करायला सांगतो.

आठवी पायरी: कोटेशन वाचणे आणि खरेदी

इंदुरात सुटे भाग पाहायचे तर लोक रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. पाच-सहा दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावे आणि घरी येऊन शांतपणे वाचावे. समजा, कागदावर असे लिहिले आहे: "आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट." वाचायला सगळे भरभक्कम वाटते, पण त्यात एकाही भागाचा पत्ता लागत नाही. आय५ हे नाव २००९ पासून वापरात आहे, तेव्हा तो प्रोसेसर बारा-तेरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ८ जीबी ग्राफिक्स म्हणजे २०१७ सालचे, पुन्हा दुरुस्त केलेले आरएक्स ५८० असू शकते. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर५, एक स्टिक आहे की दोन, हे लिहिलेले नाही, आणि एसएमपीएसला तर कंपनीचे नावही नाही. असे कोटेशन परत करून प्रत्येक ओळीत कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, नवे की वापरलेले, आणि वॉरंटीची वर्षे लिहून मागावीत. जो दुकानदार हे आनंदाने लिहून देतो, त्याचा भाव थोडा जास्त असला तरी त्याच्याकडूनच खरेदी करावी.

बिल पक्केच घ्यावे. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि "बिलाशिवाय इतके कमी" असा प्रस्ताव हमखास येतो, पण भारतात वॉरंटी सहसा सिरियल क्रमांक आणि बिलाची तारीख यांवर चालते. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि खोक्यावरच्या व प्रत्यक्ष भागावरच्या क्रमांकाशी तो तिथेच जुळवून पाहावा. पुण्या-मुंबईचे नातेवाईक लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणून देतात हे खरे. तरीही बिघाड झाल्यास तो भाग इंदूरमध्येच स्वीकारला जाईल का, हे कंपनीच्या सेवा केंद्रांच्या यादीत आधी पाहावे. एसएसडी किंवा रॅमच्या बाबतीत बाहेरून आणणे सोयीचे आहे. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि एसएमपीएस मात्र इथेच घेतलेले बरे.

नववी पायरी: जोडणी झाल्यावरची तपासणी

जोडणी दुकानात झाली असली तरी पुढच्या गोष्टी स्वतः पाहाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या जागेत असाव्यात. बायोसमध्ये जाऊन एएमडीसाठी एक्स्पो किंवा इंटेलसाठी एक्सएमपी चालू करावे, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते. रिसायझेबल बार चालू आहे का ते तिथेच पाहावे. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही त्याच वेळी चालू करून घ्याव्यात. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १६५ किंवा १८० वर न्यावा, कारण नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच सुरू होतो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी पूर्ण भाराची चाचणी दिवसातल्या सर्वांत गरम वेळी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, खोलीत नेहमी जेवढे पंखे-कूलर चालतात तेवढेच चालू ठेवून घ्यावी. तासभर जड खेळ चालवून प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांची कमाल तापमाने एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहावीत व खोलीच्या तापमानासह लिहून ठेवावीत. संगणक मध्येच बंद पडला, पडदा काळा झाला किंवा प्रोसेसर सतत आपल्या मर्यादेवर चिकटून राहिला, तर भाग बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी, त्याच आठवड्यात, बिल आणि लिहिलेले आकडे घेऊन दुकानात जावे.